वाचकांचे प्रश्न : जिलेटिन नक्की कोणत्या प्राण्याचे?

मागील अंकात मासळीच्या टाकाऊ भागांविषयी एक छोटे टिपण आले होते. माशाच्या कातडीपासून कोलॅजेन व जिलेटिन मिळते आणि त्याचा मूळ प्राणी मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचे वस्तुमान मोजण्याच्या तंत्राने) ओळखता येतो, असे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि सदराच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांचा उल्लेख फक्त गावावरून केला आहे.

प्रश्न (म्हापसा) : मी घरी केक आणि जेली करून विकते. पुडीतील जिलेटिन माशाचे असल्याचे पुरवठादार सांगतो, पण पुडीवर फक्त ‘जिलेटिन – प्राणिजन्य’ एवढेच छापलेले आहे. माझ्या गिऱ्हाइकांपैकी काहींना गाईचे चालत नाही, काहींना डुकराचे. त्यांना मी काय सांगावे? पूड बघून प्राणी ओळखणारे कोणी असते का?

उत्तर : बघून, हुंगून किंवा चाखून ते कोणालाही ओळखता येणार नाही. चांगले शुद्ध केलेले जिलेटिन गाईचे असो, डुकराचे असो की माशाचे, ते फिकट, जवळजवळ गंधहीन आणि सारखेच दिसते. प्रयोगशाळेत मात्र ते ओळखता येते, आणि कसे हे समजण्यासाठी थोडे मुळाकडे जावे लागेल.

कातडी, हाडे, स्नायुबंध आणि माशांचे खवले यांना बळकटी देणारे मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. काथ्याच्या दोरीसारखे त्याचे तीन पदर एकमेकांभोवती पिळलेले असतात. या तिपेडी रचनेचा प्रस्ताव १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडला होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत अधिक ठळकपणे यायला हवी. प्रत्येक पदर सुमारे १००० अमिनो आम्लांचा असतो आणि त्यातील प्रत्येक तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, कारण तीन पदर जिथे एकत्र येतात त्या आतल्या अरुंद जागेत ग्लायसिनइतके लहान अमिनो आम्लच मावते. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच जागी प्रोलिन आणि त्याला एक ऑक्सिजन अणू जोडून तयार झालेले हायड्रॉक्सिप्रोलिन आढळते.

कातडी किंवा हाडे आम्लात अथवा चुन्याच्या निवळीत मुरवून गरम पाण्यात ठेवली की तीन पदरांचा पीळ सुटतो, पदर जागोजागी तुटतात आणि जे विरघळून बाहेर येते ते जिलेटिन. या सगळ्यात डीएनएची अवस्था फार वाईट होते. त्यामुळे कच्च्या मांसावर उत्तम चालणारी डीएनए चाचणी जिलेटिनवर अनेकदा फसते, किंवा अगदी क्षीण आणि अविश्वसनीय उत्तर देते. प्रथिनाचे पदर तुटले तरी त्यांच्या तुकड्यांमधील अमिनो आम्लांचा क्रम मात्र टिकून राहतो. गाय, डुक्कर आणि मासा यांच्या कोलॅजेनमधील हा क्रम बऱ्याच अंशी सारखा असला तरी ठिकठिकाणी एखादे अमिनो आम्ल वेगळे असते, आणि ओळख पटते ती तेवढ्याच फरकांवरून.

प्रयोगशाळेत जिलेटिन पाण्यात विरघळवून त्यात ट्रिप्सिन हे विकर घालतात. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच साखळी तोडते, त्यामुळे एकाच प्राण्याच्या जिलेटिनपासून दर वेळी बहुतांशी तेच तुकडे मिळतात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि त्यांचे वस्तुमान अतिशय काटेकोरपणे मोजून कोणत्या प्राण्याचे तुकडे उपस्थित आहेत हे ठरवले जाते.

आपल्या व्यवसायापुरते सांगायचे तर पुरवठादाराच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. पुडीवरील बॅच क्रमांकाचे, स्रोत स्पष्ट लिहिलेले प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर गिऱ्हाइकाला ‘प्राणिजन्य आहे, प्राणी कोणता ते निश्चित नाही’ असे सांगणेच योग्य. थंड पाण्यातील कॉडसारख्या माशाचे जिलेटिन आपल्या हवेत टेबलावर गोठत नाही, हे खरे. पण तिलापियासारख्या उष्ण पाण्यातील माशाचे जिलेटिन गोठण्याच्या बाबतीत गाई-डुकराच्या जिलेटिनच्या बरेच जवळ जाते, म्हणून जेली कशी धरली यावरून निष्कर्ष काढू नये.

प्रश्न (मडगाव) : मी उच्च माध्यमिक वर्गांना रसायनशास्त्र शिकवतो. वस्तुमानावरून पेप्टाइड ओळखतात असे वाचले, पण दोन वेगळ्या रेणूंचे वस्तुमान सारखे असू शकते हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच धड्यात सांगतो. मग ही ओळख खात्रीची कशी?

उत्तर : आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. कोलॅजेनच्या बाबतीत ही अडचण इतर प्रथिनांपेक्षा अधिकच तीव्र आहे, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहितो.

मोजणीच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत पेप्टाइडांचे मिश्रण एका स्फटिकी पदार्थात मिसळून धातूच्या पट्टीवर वाळवतात आणि त्यावर लेसरचा झोत टाकतात. पेप्टाइडांवर विद्युतभार येतो, ती निर्वात नळीतून धावत सुटतात, हलकी आधी पोहोचतात आणि जड मागून. पोहोचायला लागलेल्या वेळावरून वस्तुमान काढतात. या रीतीला माल्डी-टॉफ म्हणतात. दुसऱ्या रीतीत पेप्टाइडे आधी द्रव वर्णलेखनाच्या स्तंभातून वेगळी करून बारीक फवाऱ्याच्या रूपाने यंत्रात सोडतात. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता यंत्रात कसे उडवावेत, या प्रश्नावरील कामासाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले; त्याच वर्षीच्या पारितोषिकाचा उरलेला अर्धा भाग कुर्ट व्यूट्रिच यांना वेगळ्या कामासाठी मिळाला होता.

पहिल्या रीतीतून वस्तुमानांची एक यादी मिळते. तिचा उपयोग कसा होतो याचे उत्तम उदाहरण पुरातत्त्वातील आहे. उत्खननात सापडलेले हाडाचे तुकडे मेंढीचे की शेळीचे हे डोळ्यांना कळत नाही, पण कोलॅजेनच्या एका ठरावीक पेप्टाइडाचे शिखर (यंत्राच्या आलेखात त्या वस्तुमानापाशी दिसणारा उंचवटा) मेंढीत ३०३३ च्या आसपास येते आणि शेळीत ३०९३ च्या आसपास. ६० एककांचा (एक एकक म्हणजे सुमारे एका हायड्रोजन अणूचे वस्तुमान) हा फरक कोणत्याही बऱ्या यंत्रावर स्पष्ट दिसतो. मात्र तेच ३०३३ गाईतही दिसते. म्हणून एका शिखरावरून प्राणी कधीच ठरवत नाहीत. अनेक शिखरांचा संच पाहावा लागतो.

आता अडचणींकडे वळू. मेंढीत ३०३३ च्या शेजारी बहुतेक वेळा ३०१७ लाही एक शिखर दिसते. तो दुसरा प्राणी नव्हे. त्याच पेप्टाइडातील एका प्रोलिनला ऑक्सिजन जोडला गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. शरीरात ही जोडणी शंभर टक्के होत नाही, त्यामुळे कोलॅजेनमध्ये सुमारे १६ एककांच्या अंतराने अशी जोडशिखरे सर्रास दिसतात. गुंता असा की ॲलानिनच्या जागी सेरिन आले तरी वस्तुमानात नेमका तेवढाच, म्हणजे १५.९९५ चा फरक पडतो, कारण त्या दोघांमधील भेदही एका ऑक्सिजन अणूचाच आहे. त्यामुळे केवळ वस्तुमान पाहणाऱ्याला हा प्राणिभेद आहे की हायड्रॉक्सिलेशन (प्रोलिनला ऑक्सिजन जोडला जाणे), हे सांगता येत नाही. यंत्र कितीही अचूक असले तरी नाही, कारण दोन्हींचे रेणुसूत्र एकच असते.

दुसरी जोडी यंत्राच्या अचूकतेने सुटते. हायड्रॉक्सिप्रोलिनचे साखळीतील वस्तुमान ११३.०४८ आणि ल्युसिनचे ११३.०८४. स्थूलमानाने दोन्ही ११३, पण ०.०३६ चा हा फरक उच्च विभेदनक्षमतेच्या यंत्राला सहज दिसतो. ल्युसिन आणि आयसोल्युसिन मात्र एकाच सूत्राचे समघटक, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीत ते वेगळे करता येत नाहीत आणि अहवालात एकाच्या जागी दुसरे लिहिलेले आढळू शकते. व्हॅलिनऐवजी आयसोल्युसिन, सेरिनऐवजी थ्रिओनिन, ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल, या तिन्ही बदलांत १४.०१६ चाच फरक पडतो, त्यामुळे नुसत्या फरकावरून बदल नेमका कोणता हे कळत नाही.

म्हणून वस्तुमान मोजल्यावर दुसरी पायरी घेतात. निवडलेले एकच पेप्टाइड यंत्रात पकडून वायूच्या रेणूंवर आदळवतात. ते मुख्यतः अमिनो आम्लांमधील बंधांवर तुटते आणि दोन्ही टोकांकडून वाढत जाणाऱ्या तुकड्यांच्या मालिका मिळतात. लागोपाठच्या दोन तुकड्यांतील फरक ९७.०५३ असेल तर तेथे प्रोलिन, ५७.०२१ असेल तर ग्लायसिन. असे करत साखळीचा क्रम वाचता येतो आणि जास्तीचा ऑक्सिजन नेमका कोणत्या जागी बसला आहे हेही कळते. ॲलानिन-सेरिनचा घोळ येथे मिटतो, कारण ऑक्सिजन प्रोलिनवर आहे की पूर्वी ॲलानिन असलेल्या जागेवर, हे तुकड्यांच्या वस्तुमानावरून उघड होते. विद्यार्थ्यांना सांगताना ‘वजनावरून ओळख’ असे न सांगता ‘तुकड्यांच्या वजनांतील फरकांवरून क्रम’ असे सांगितलेत तर त्यांचा पहिला धडाही शाबूत राहील.

प्रश्न (मालिम, बेती) : आमच्या नात्यातील काही जण इसवण, चणक आणि तामसो यांचे फिले (काटे काढलेले काप) करून हॉटेलांना पुरवतात. रोज टोपल्यांनी कातडी उरते. एका उद्योजकाला ती जिलेटिनसाठी हवी आहे, पण कातडी कोणत्या माशाची हे प्रयोगशाळेतून सिद्ध करून द्या, अशी त्याची अट आहे. सगळी एकत्र केलेली कातडी तपासता येईल का?

उत्तर : येईल, पण तसे करू नका. मिश्रणात कोणकोणते मासे आहेत हे शोधणे महागडे आणि गुंतागुंतीचे काम आहे. फिले करतानाच कातडी माशागणिक वेगळ्या पिशव्यांत भरून, त्यावर तारीख आणि माशाचे नाव लिहून बर्फात ठेवणे मात्र जवळजवळ फुकट होते.

दुसरे, कच्च्या कातडीच्या ओळखीसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री हा पहिला पर्याय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ताज्या कातडीत डीएनए भरपूर आणि चांगल्या स्थितीत असतो. त्यातील एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग वाचून जाती ठरवण्याची बारकोड पद्धत स्वस्त आहे आणि जवळच्या जातींमध्येही बहुतेक वेळा भेद करते. कोलॅजेन हे उत्क्रांतीत फार सावकाश बदलणारे प्रथिन असल्यामुळे दूरचे गट ते उत्तम वेगळे करते, पण एकाच प्रजातीतील (जीनसमधील) जवळच्या जातींच्या बाबतीत अडखळू शकते. आपल्या बाजारात इसवण म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन जवळच्या जातींबाबत तर ही शंका नक्कीच धरावी. तेव्हा उद्योजकाला असे सुचवा की कातडीची ओळख डीएनएवरून करावी, तिच्यापासून तयार झालेल्या जिलेटिनची ओळख पेप्टाइडांवरून करावी, आणि त्याच कातडीचे काही तुकडे तुलनेसाठी राखून ठेवावेत. हे राखून ठेवलेले तुकडे पुढे सर्वांत मोलाचे ठरतात.

माशांच्या कोलॅजेनमध्ये एक विशेषही आहे. गाई-डुकराच्या कातडीतील मुख्य कोलॅजेनचे तीन पदर दोनच प्रकारांचे असतात, दोन अल्फा-१ आणि एक अल्फा-२. हाडाळ माशांच्या पूर्वजांत कधीतरी संपूर्ण जनुकसंचच दुप्पट झाला, आणि त्यातून उरलेल्या एका जादा जनुकामुळे अनेक माशांत अल्फा-३ हा तिसरा पदरही आढळतो. जेलवर (विद्युतप्रवाहाने प्रथिने आकारानुसार वेगळी करण्याच्या थरावर) तो अल्फा-१ च्याच जागी येऊन लपतो, पण त्याची पेप्टाइडे मास स्पेक्ट्रोमेट्रीत वेगळी दिसतात. मोरी (शार्क) हाडाळ माशांच्या शाखेतली नसल्यामुळे हा दुपटीचा वारसा तिच्याकडे नाही आणि तिचे पेप्टाइड-चित्र निराळेच असते. इसवणीच्या पिशवीत मोरीची कातडी गेली तर ती लपणार नाही.

(आपल्या स्वयंपाकघरांत कातडी फारशी टाकली जातच नाही. बांगडा, तारली, शेवटा सगळे कातडीसकट शिजतात. सोलून घ्यायचे ते मोरी आणि लेपो. त्यामुळे कातडीचा ढीग घरांतून साचत नाही, तो हॉटेले आणि प्रक्रिया केंद्रांतच साचतो, आणि गोळा करायचा तर तेथूनच करावा लागेल.)

शुद्ध कोलॅजेन हवे असेल तर कातडी सौम्य कॉस्टिक सोड्यात, नंतर ब्युटाइल अल्कोहोलात धुऊन ॲसेटिक आम्लात दोन-तीन दिवस ठेवतात आणि मिठाने साका बसवतात. हे सारे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास करावे लागते, कारण माशाच्या कोलॅजेनचा पीळ सस्तन प्राण्यांच्या कोलॅजेनपेक्षा कमी तापमानाला सुटतो. सस्तन प्राण्यांत दर १००० अमिनो आम्लांमागे सुमारे ९० हायड्रॉक्सिप्रोलिन असतात, तर कॉडमध्ये ५० च्या आसपास, आणि पिळाची बळकटी मोठ्या प्रमाणात त्यांवरच अवलंबून असते. फक्त ओळख पटवायची असेल तर एवढी यातायात नको. नखाएवढा तुकडा धुऊन, अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ६५ अंशांवर तासभर गरम करावा आणि मग ३७ अंशांवर रात्रभर ट्रिप्सिनमध्ये ठेवावा, एवढे पुरते.

प्रश्न (ताळगाव) : मी संशोधक विद्यार्थिनी आहे. बाजारातून आणलेल्या तामसोच्या कातडीचे पेप्टाइड विश्लेषण केले. सॉफ्टवेअरने झेब्राफिश आणि ट्राउट अशी नावे दिली, शिवाय माणसाचे केराटिन आणि गाईचे कोलॅजेनही दाखवले. मार्गदर्शक म्हणतात, नमुना दूषित आहे. तसे असेल का?

उत्तर : केराटिनपुरते ते बरोबर आहेत. ते आपल्या त्वचेतून, केसांतून आणि खोलीतील धुळीतून येते व जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत दिसते. झेब्राफिशचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते समजून घेणे हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

सॉफ्टवेअर मासा ओळखत नाही. आपण त्याला प्रथिनक्रमांचा जो संग्रह देतो, त्यातील कोणत्या क्रमाशी आपले मोजमाप जुळते एवढेच ते सांगते. संग्रहात तामसो नसेल तर उत्तर तामसो येणे अशक्य आहे. जे आहे त्यातील सर्वांत जवळचे नाव येईल. आपण बहुधा फक्त तपासून प्रमाणित केलेल्या नोंदींचा छोटा संग्रह वापरला असावा, आणि त्यात माशांच्या कोलॅजेनच्या नोंदी मोजक्याच आहेत. झेब्राफिश हा प्रयोगशाळेतील लाडका मासा असल्यामुळे तो सगळीकडे असतो. मोठा, न तपासलेला संग्रह किंवा जवळच्या कुळातील माशांच्या जनुकसंचावरून काढलेले कोलॅजेन-क्रम घालून पुन्हा शोध घ्यावा. आपल्या किनाऱ्यावरील माशांची माहितीही हळूहळू वाढते आहे. तारलीचा जनुकसंच कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२३ मध्ये उलगडला, आणि असा जनुकसंच हाती आला की त्यावरून कोलॅजेनचे अपेक्षित क्रमही काढता येतात.

शोधाच्या मांडणीत प्रोलिनवरील ऑक्सिजन हा ‘असेल किंवा नसेल’ अशा स्वरूपाचा बदल म्हणून घातला आहे का, ते पाहा. तो घातला नसेल तर कोलॅजेनची बहुतेक पेप्टाइडे ओळखलीच जाणार नाहीत आणि उरलेल्या थोड्या जुळण्यांवर भलतीच नावे वर येतील. लायसिनवरही ऑक्सिजन चढतो, त्यावर कधी साखरेचे रेणू बसतात, आणि अशा जागी ट्रिप्सिन तोडत नाही. म्हणून एक-दोन चुकलेले छेद मान्य करावेत. पण हाती येतील ते सगळे बदल एकदम घालू नयेत. शक्यता जितक्या वाढतात तितक्या योगायोगाने होणाऱ्या खोट्या जुळण्याही वाढतात. उलटे केलेले क्रम (त्यांच्याशी होणारी जुळणी खोटीच असते) मुद्दाम संग्रहात मिसळून खोट्या जुळण्यांचे प्रमाण एक टक्क्याखाली ठेवण्याचा प्रघात आहे, तो सोडू नका.

गाईबाबत दोन शक्यता आहेत. एक म्हणजे खरेच दूषण: प्रयोगशाळेत गाईपासून मिळवलेली प्रथिने आणि जिलेटिन अनेक कामांत वापरतात. दुसरी म्हणजे नोंदवलेली पेप्टाइडे मासे आणि गाय या दोघांतही सारखीच असणे. प्रत्येक पेप्टाइड उघडून ते फक्त गाईत आढळते का हे तपासा आणि कातडी न घालता, बाकी सर्व तसेच ठेवून एक कोरा नमुना चालवा. माल्डीवर काम केले असेल तर ८४२.५१ आणि २२११.१० ही शिखरे तामसोची समजू नका. ती ट्रिप्सिनने स्वतःलाच तोडल्याची आहेत, आणि यंत्राचे मापन जुळवण्यास उपयोगी पडतात.

प्रश्न (वास्को) : ‘मरीन कोलॅजेन’ नावाची पावडर बरीच महाग मिळते. ती खरेच समुद्री माशाची आहे का, हे याच चाचणीने कळेल?

उत्तर : कळू शकते, पण वेगळ्या रीतीने. या पावडरी कारखान्यातच विकरांनी बारीक तोडलेल्या असतात, आणि ते छेद ट्रिप्सिनच्या नियमाने झालेले नसतात. त्यामुळे ठरावीक शिखरांची यादी जुळवण्याची माल्डीची सोपी रीत येथे निरुपयोगी ठरते. तुकड्यांचा क्रम वाचणारी दुसरी रीत वापरून, ‘छेद कुठेही असू शकतो’ अशी मोकळीक देऊन शोध घ्यावा लागतो. यातून मासा आहे की गाय-डुक्कर हे बहुधा नि:संशय कळते. मात्र तिलापिया हा गोड्या पाण्यात पाळला जाणारा मासा आहे, त्यामुळे ‘मासा’ असे उत्तर आले म्हणजे समुद्र सिद्ध झाला असे होत नाही. त्वचेला फायदा होतो की नाही, हे सांगणे या यंत्राचे काम नाही.

प्रश्न (डिचोली) : आम्ही शाकाहारी आहोत. लग्नातील जेली चायना ग्रासची की जिलेटिनची हे घरी ओळखता येते का?

उत्तर : येते, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र नको. जिलेटिनची जेली तोंडात किंवा तळहातावर थोड्याच वेळात विरघळते. चायना ग्रासची जेली ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. दुसरी खूण अशी की जेलीवर कच्च्या अननसाची किंवा कच्च्या पपईची फोड ठेवली तर त्यातील प्रथिने तोडणाऱ्या विकरांमुळे जिलेटिनची जेली फोडीखाली पातळ होत जाते. चायना ग्रास हे समुद्री शेवाळातील कर्बोदक असल्यामुळे त्यावर काहीच परिणाम होत नाही. डब्यातला अननस वापरू नका, तो तापवलेला असल्यामुळे त्यातील विकर निकामी झालेले असते.

प्रश्न (काणकोण) : २०१८ साली मासळीतील फॉर्मेलिनवरून मोठा गदारोळ झाला होता. कातडीच्या या तपासणीत फॉर्मेलिनही दिसेल का?

उत्तर : ही तपासणी त्यासाठी नाही. फॉर्मेलिनसाठी वेगळ्या, सोप्या आणि झटपट रासायनिक चाचण्या आहेत आणि त्याच वापराव्यात. एवढे मात्र खरे की फॉर्मेलिनमधील फॉर्माल्डिहाइड प्रथिनांतील लायसिनला चिकटून साखळ्यांमध्ये पूल बांधते. जास्त प्रमाणात वापरले असेल तर ट्रिप्सिनला तोडायला जागा कमी उरतात आणि ओळखीची पेप्टाइडे क्षीण होतात. म्हणूनच संग्रहालयांत फॉर्मेलिनमध्ये ठेवलेले मासे तुलनेसाठी चांगले नमुने ठरत नाहीत.

प्रश्न (कुडचडे) : माझ्या मुलाला मासळीची ॲलर्जी आहे. माशाच्या जिलेटिनची कॅप्सूल त्याला चालेल का?

उत्तर : याचा निर्णय आपल्या डॉक्टरांनीच घ्यावा. माहिती म्हणून सांगतो की मासळीच्या ॲलर्जीस बहुतेक वेळा पार्व्हाल्ब्युमिन हे स्नायूंतील प्रथिन कारणीभूत असते आणि शुद्ध केलेल्या जिलेटिनमध्ये ते फारसे उरत नाही. पण काही रुग्णांना माशाच्या कोलॅजेनचीच ॲलर्जी असते, आणि त्यांना जिलेटिनही बाधू शकते. मुलाची ॲलर्जी यांपैकी कोणती, हे डॉक्टरांना विचारा आणि तोवर कॅप्सूल देऊ नका.

प्रश्न (पणजी) : आमच्या छोट्या कंपनीने जिलेटिनचा नमुना खासगी प्रयोगशाळेत पाठवला. ‘गोवंशीय व वराहजन्य चिन्हक पेप्टाइडे आढळली नाहीत’ असा अहवाल आला. याचा अर्थ जिलेटिन माशाचे आहे असा घ्यावा का?

उत्तर : नाही. चिन्हक पेप्टाइडे म्हणजे ठरावीक प्राण्याची ओळख पटवणारी पेप्टाइडे; गाय आणि डुक्कर शोधले आणि ते सापडले नाहीत, एवढेच अहवाल सांगतो. मासा शोधला होता का, हे त्यात लिहिलेले नाही. जिलेटिन म्हशीचे, कोंबडीचे किंवा माशाचे असू शकते, किंवा नमुना इतका खराब असू शकतो की काहीच दिसले नाही. त्यातही म्हशीचा मुद्दा भारतात किरकोळ नाही. गाय आणि म्हैस यांचे कोलॅजेन फार जवळचे असल्यामुळे ‘गोवंशीय’ चिन्हक दोघांनाही लागू पडते की एकालाच, हे स्पष्ट करून घ्यावे लागते.

प्रयोगशाळेला चार गोष्टी लेखी विचारा. माशाची चिन्हक पेप्टाइडे शोधली का, आणि ती प्रत्यक्ष सापडली का? ज्ञात गाय, डुक्कर आणि माशाच्या जिलेटिनचे नमुने त्याच दिवशी त्याच यंत्रावर चालवले का? भेसळ किती टक्क्यांपर्यंत ओळखू येईल, ही मर्यादा त्यांनी मिश्रणे करून तपासली आहे का? चांगल्या निवडलेल्या चिन्हकांवर शंभरात एक भाग, काही वेळा त्याहूनही कमी भेसळ दिसू शकते, पण ती क्षमता प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः सिद्ध करावी लागते. आणि चौथी गोष्ट, जिलेटिन आम्लाने केलेले होते की चुन्याने? चुन्याच्या प्रक्रियेत ॲस्पॅराजिन आणि ग्लुटामिन यांच्यातील अमाइड गट निघून जातो आणि प्रत्येक ठिकाणी पेप्टाइडाचे वस्तुमान ०.९८४ ने वाढते. सॉफ्टवेअरला हे सांगितले नसेल तर जे चिन्हक प्रत्यक्षात हजर आहे तेही ‘आढळले नाही’ म्हणून नोंदले जाऊ शकते.

नवा नमुना पाठवताना न उघडलेल्या पाकिटातून, स्वच्छ हातमोजे घालून, दोन वेगळ्या डब्यांत प्रत्येकी काही ग्रॅम भरा. एक डबा सीलबंद करून बॅच क्रमांकासह स्वतःकडे ठेवा. कॅप्सूल पाठवायची असेल तर आतील औषध काढून रिकामे कवच पाठवा, आणि ते कवच कठीण होते की मऊ, रंगीत होते की पारदर्शक, हे सोबतच्या पत्रात लिहा.